मर्सीनचे रिकामे हात

आमच्या शेजारी जे आजोबा राहतात, त्यांच्या तळघरात बिअरच्या बुटक्या फ्रिजवर एक कृष्णधवल फोटो टांगलेला आहे. फोटोत माणसांचा ढीग आहे. कोणाचा पाय कुठे आणि डोकं कुठे ते कळत नाही. त्या ढिगावर तोल जाऊन पडता पडता एक गडी दोन्ही हात आभाळाकडे करून आहे. जर्सीवर ३० नंबर.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी म्हटलं, "यानेच मारला ना तो टचडाउन?"

आजोबा खूश झाले. म्हणाले, "सगळे असंच म्हणतात. मीपण तीन तास तसंच समजत होतो, आणि मी तर तिथे होतो."

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेला येऊन मला अकरा वर्षं झाली. मी मूळचा बल्लारपूरचा. बाबा तिथल्या पेपर मिलमध्ये ड्रायर सेक्शनला होते, मीही कागदाचंच शिकलो, आणि फिरत फिरत इथे फॉक्स नदीकाठी येऊन पडलो, कारण या नदीवरही ओळीने कागदाचे कारखाने आहेत. लाखभर वस्तीचं गाव. त्यात एक्क्याऐंशी हजार माणसं बसतील एवढं स्टेडियम. सामन्याच्या रविवारी दुपारी किराणा आणायला गेलं तर दुकान आपल्याच बापाचं असल्यासारखं मोकळं मिळतं.

टीम अमेरिकन फुटबॉलची, ज्यात चेंडू गोलरेषेपार नेला की टचडाउन. नाव ग्रीन बे पॅकर्स. १९१९ साली कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणाने टीम काढली, तेव्हा तो ज्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत कामाला होता तिने गणवेशासाठी पाचशे डॉलर दिले, म्हणून पॅकर्स. त्या कंपनीचं नाव होतं इंडियन पॅकिंग कंपनी. भारताशी काडीचाही संबंध नाही, पण ऑफिसात मी दर वर्षी हा विनोद मारतो आणि दर वर्षी एक तरी नवा माणूस हसतो.

या टीमला मालक नाही. गावाने वर्गणी काढून ती जगवली आहे, आजही तिचे शेअर लोकांकडेच आहेत. २०२१ मध्ये पुन्हा शेअर काढले तेव्हा मीही तीनशे डॉलर भरून एक घेतला. त्यावर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही, आणि शेअर आहे म्हणून सामन्याचं तिकीट मिळेल असंही नाही. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे गणपतीची पावती फाडलीस म्हण ना." बरोबर आहे. फ्रेम करून लावली आहे पावती.

तर तो फोटो. ३१ डिसेंबर १९६७, लॅम्बो फील्ड, डॅलस काउबॉइजविरुद्धचा अंतिम सामना. जग त्याला आइस बोल म्हणतं. त्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी आणखी भर घालायची गरज नाही, असं मलाही वाटत होतं. पण लोक शेवटच्या सोळा सेकंदांचंच बोलतात. माझा जीव जडलाय तो त्याआधीच्या साडेतीन महिन्यांवर, कारण तो सीझन खरं सांगायचं तर रडतखडत गेला होता.

कोच होते व्हिन्स लोम्बार्डी. ब्रुकलिनचा माणूस, आधी शाळेत लॅटिन, रसायन आणि भौतिकशास्त्र शिकवणारा. १९५९ मध्ये ते इथे आले, त्याच्या आदल्या वर्षी या टीमने बारापैकी एक सामना जिंकला होता. पुढे १९६१, ६२, ६५ आणि ६६ ची विजेतेपदं. सरावाला पंधरा मिनिटं आधी पोचलं नाही तर उशीर झाला असं धरायचे. इथे त्याला आजही लोम्बार्डी टाइम म्हणतात. (आमच्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात या शब्दाच्या नेमकी उलटी वेळ पाळली जाते.)

१९६७ मध्ये मात्र टीम म्हातारी झाली होती. पॉल हॉर्नंग आणि जिम टेलर ही धावणाऱ्यांची जोडगोळी गेली होती, दोघंही नव्याने निघालेल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या खात्यात. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सांगून पास टाकणारा, बार्ट स्टार. आदल्या सीझनभरात त्याचे फक्त तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी पळवले होते. या वर्षी पहिल्या दोन सामन्यांतच नऊ. पहिला सामना डेट्रॉइटबरोबर १७–१७ असा बरोबरीत, दुसरा शिकागो बेअर्सविरुद्ध १३–१० असा कसाबसा जिंकलेला. सीझन संपला तेव्हा स्टारच्या नावावर नऊ टचडाउन पास आणि सतरा इंटरसेप्शन, म्हणजे पळवलेले पास, होते. आजच्या काळात एवढ्यावर सोशल मीडियाने त्याला गावाबाहेर काढला असता.

मग ५ नोव्हेंबरला बॉल्टिमोरला हरले, १३–१०. हरण्याचं एवढं नाही, पण त्या एकाच सामन्यात धावणारे दोघंही गेले. एलायजा पिट्सचा टाचेमागचा स्नायुबंध तुटला आणि जिम ग्रॅबाऊस्कीचा गुडघा दुखावला. नोव्हेंबर उजाडलेला, आणि चेंडू घेऊन पळायला माणूस नाही.

इथे आपला ३० नंबरवाला येतो. चक मर्सीन. जन्म मिलवॉकीचा, शिक्षण येलचं. न्यू यॉर्क जायंट्सला तो नको होता. वॉशिंग्टनची टीम घेणार असं जवळजवळ ठरलं होतं, तेवढ्यात लोम्बार्डींचा फोन आला. आमच्याकडे ये. आला.

दुसरीकडे ट्रॅव्हिस विल्यम्स नावाचा नवखा पोरगा काय करत होता तेही सांगतो, नाहीतर सीझन अगदीच दरिद्री वाटेल. किकऑफचा, म्हणजे खेळ सुरू करताना लाथेने उडवलेला, चेंडू झेलून तो पळायला लागला की समोरची टीम नुसती बघत राहायची. सीझनमध्ये अठरा वेळा त्याने असा चेंडू परत आणला, त्यातले चार थेट टचडाउन, सरासरी एक्केचाळीस यार्ड. क्लीव्हलँडविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन. तो सामना ५५–७ असा जिंकला.

पण एकूण हिशोब: नऊ जिंकले, चार हरले, एक बरोबरीत. शेवटचे दोन तर ओळीने हरले, लॉस एंजेलिसला रॅम्सकडून आणि नंतर घरी पिट्सबर्गकडून. आपला गट जिंकल्यामुळे पुढे गेले एवढंच. २३ डिसेंबरला मिलवॉकीत त्याच रॅम्सना २८–७ असं उडवलं आणि अंतिम सामन्यासाठी डॅलस ग्रीन बेला यायचं ठरलं. आदल्या वर्षीही अंतिम सामना याच दोघांत झाला होता, तो डॅलसमध्ये.

आता थंडीबद्दल. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात ४७ अंश म्हणजे लोक कूलरचं पाणी बदलतात आणि पत्ते पिसतात. थंडीचं तसं नसतं. उणे पंचवीस सेल्सिअसला पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा नाकातले केस कडक झाल्याचं जाणवलं, आणि मी घाबरून परत घरात आलो. पापणी मिटली की क्षणभर चिकटते. सामना सुरू झाला तेव्हा नेमकं एवढंच तापमान होतं, फॅरनहाइटमध्ये उणे तेरा, आणि वर वारा. स्टेडियममध्ये ५०,८६१ माणसं.

आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे. त्यांच्या वडिलांची सीझन तिकिटं होती. अंगावर काय काय घातलं होतं ते ते क्रमाने सांगतात, आणि दर वेळी यादीत एखादा थर वाढतो. हरणाच्या शिकारीचे कपडे, आत लोकरी, त्याच्या आत वडिलांचं जुनं लोकरी, बुटांत वर्तमानपत्र आणि पायाखाली घरून आणलेला पुठ्ठा. पुठ्ठा ही युक्ती, म्हणतात, सगळ्यात कामाची. काँक्रीट पायातली ऊब ओढून घेतं. मी कागदवाला असल्यामुळे हे सांगताना ते माझ्याकडे जरा जास्त बघतात.

मैदानावर काय चाललं होतं? एका पंचाची धातूची शिट्टी ओठांना चिकटली, काढताना कातडी निघाली. त्यानंतर पंचांनी शिट्ट्या सोडल्या आणि ओरडून खेळ थांबवू लागले. ला क्रॉसहून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बँडची वाद्यं गोठली, मध्यंतराचा कार्यक्रम रद्द. डॅलसचा वेगवान बॉब हेज, चेंडू आपल्याकडे येणार नसला की हात पँटमध्ये खुपसून उभा राहायचा, आणि हे पॅकर्सच्या बचावफळीच्या लक्षात आलं. म्हणजे बिचाऱ्याचे हातच फितूर झाले. रे निच्की पॅकर्सचा सगळ्यात दांडगट बचावपटू, त्याच्या पायाच्या बोटांना हिमदंश झाला.

आणि मैदान! याबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण हा माझ्या धंद्याचा विषय आहे.

त्याच वर्षी लोम्बार्डींनी हौसेने मैदानाखाली विजेच्या तारांचं जाळं बसवून घेतलं होतं. ऐंशी हजार डॉलर खर्च. जमीन गोठू द्यायची नाही. रात्रभर वर ताडपत्री, खाली तारा तापलेल्या. आता कागदाच्या मशीनवर काय होतं पाहा. ओला कागद तापलेल्या सिलिंडरवरून जातो, पाणी वाफ होऊन वर जातं. वर हूड असतं, पंखे ती वाफ खेचून बाहेर टाकतात. पंखे बंद पडले तर वाफ जाते कुठे? हूडला आतून थेंब धरतात आणि कागदावर टपकतात. बाबा सांगायचे, एक थेंब पडला की रीळ डागाळलं. मैदानावर पंखे नव्हते. जमिनीतली ओल ऊब मिळून वर येत राहिली आणि ताडपत्रीखाली साचत राहिली. सकाळी ताडपत्री काढली, ओलसर गवतावर उणे पंचवीसची हवा आली, आणि झाली काच. जेवढं नीट तापवलं तेवढंच नीट गोठलं. लोम्बार्डींनी मुद्दाम तारा बंद केल्या असं डॅलसवाले पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिले. मला त्यात मुद्दामपणाची गरजच दिसत नाही.

सामना आधी पॅकर्सकडे झुकला. बॉइड डाऊलरचे दोन टचडाउन, १४–०. मग स्टारच्या हातून चेंडू सुटला आणि डॅलसने तो उचलून टचडाउन केला, पाठोपाठ एक फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून लाथेने मारलेला तीन गुणांचा गोल. १४–१०. चौथ्या क्वार्टरच्या पहिल्याच चालीत डॅलसच्या डॅन रीव्ह्जने, पळतोय असं दाखवून, पन्नास यार्डांचा पास टाकला आणि १७–१४. पॅकर्स मागे. त्या दुपारी स्टारला चेंडूसकट आठ वेळा आडवा केला होता. दुसऱ्या अर्ध्यात पॅकर्सचं गाडं हललंच नव्हतं.

चार मिनिटं पन्नास सेकंद उरलेली. पॅकर्सच्या हाती चेंडू, पण गोलरेषा अडुसष्ट यार्ड लांब.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही गेलात तर चेंडू त्यांचा. बाकीचे नियम मलाही मुलाने शिकवले.

त्या शेवटच्या वाटचालीचा यार्डायार्डाचा हिशोब मी एकदा कागदावर मांडला होता. त्यातलं मुख्य एवढंच: मर्सीन पळाला, सात यार्ड. मधे डॉनी अँडरसनला पकडून नऊ यार्ड मागे ढकलला. स्टारने पुन्हा अँडरसनकडेच दोन छोटे पास दिले, बारा आणि नऊ. मग मर्सीनने पास झेलला आणि घसरड्या कडेने पळत एकोणीस यार्ड नेला. लगेच पुढच्या चालीत मधूनच आत घुसून आठ. सात, एकोणीस, आठ: चौतीस. अडुसष्टचे बरोबर निम्मे, जायंट्सला नको असलेल्या माणसाचे. हॉर्नंग नाही, टेलर नाही, पिट्स नाही, ग्रॅबाऊस्की नाही. आठ आठवड्यांपूर्वी जो या टीममध्येच नव्हता, तो.

आता गोलरेषा एका यार्डावर. अँडरसनला दोनदा चेंडू दिला. दोन्ही वेळा त्याचे पाय बर्फावर फिरले आणि तो रेषेपर्यंत पोचलाच नाही. सोळा सेकंद. शेवटचा टाइमआउट घेतला. फील्ड गोल मारून बरोबरी साधता आली असती. स्टार कडेला लोम्बार्डींकडे गेला आणि म्हणाला की पळणारे मागून येताना घसरताहेत, मी रेषेजवळ उभाच असतो, मीच घुसतो. लोम्बार्डी म्हणाले, कर आणि चला, निघू या इथून. (त्यांचे शब्द याहून कडक होते.) ही चाल फसली असती तर पुढची चाल खेळायलाही वेळ उरला नसता.

स्टार परत आला आणि घोळक्यात त्याने चाल सांगितली. ती चाल फुलबॅकची होती. फुलबॅक म्हणजे मर्सीन. चेंडू मी ठेवणार आहे, हे स्टारने कोणालाच सांगितलं नाही.

मला या जागी नेहमी मर्सीनचं डोकं दिसतं. चौतीस यार्ड मी आणलेत. चाल माझ्या नावाची. सोळा सेकंद, एक यार्ड, सगळा देश टीव्हीसमोर. तो हात पोटाशी पुढे करून, चेंडू घ्यायला धावला.

चेंडू आलाच नाही. समोर जेरी क्रेमर आणि केन बोमनने मिळून डॅलसच्या जेथ्रो प्यूला उचकटून मागे रेटला, त्या फटीत स्टार अंग टाकून पडला. टचडाउन. मर्सीन मात्र पूर्ण वेगात, बर्फावर, थांबणार कसा? आपल्याच खेळाडूला मागून ढकलून पुढे नेणं तेव्हा नियमाबाहेर होतं. मी ढकलत नाहीये, बघा, हे पंचांना दिसावं म्हणून त्याने दोन्ही हात वर केले आणि तसाच ढिगावर गेला.

आणि नेमका तो क्षण टिपला जॉन बीव्हर या सोळा वर्षांच्या शाळकरी पोराने. त्याचे वडील टीमचे फोटोग्राफर, ते लोम्बार्डींचा चेहरा टिपायला खेळाडूंच्या बाकाकडे गेले होते. पोरगा गोलरेषेमागे उभा राहिला. फोटो जगभर गेला, आणि बघणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, काय जल्लोष करतोय हा माणूस.

श्रेयाचं म्हणाल तर ढकलण्याचं नाव क्रेमरचं झालं, कारण टीव्हीवर तीच चाल पुन्हा पुन्हा दाखवली. बोमन निम्मा वाटेकरी होता, तो क्वचित कोणाला आठवतो.

आजोबा उत्तरेच्या टोकाला बसले होते. टचडाउन दक्षिण टोकाला. मधे शंभर यार्ड आणि पन्नास हजार माणसांच्या श्वासांची वाफ. "आम्हाला काय दिसलं? एक ढीग आणि दोन हात." कानटोपीच्या आत लाउडस्पीकरवरचं काही ऐकू येईना. बापलेकांनी ठरवून टाकलं, मर्सीनने मारला. गाडी सुरू होईना, ती तिथेच सोडून चालत घरी गेले. स्वयंपाकघरात आईने रेडिओ लावला होता. बुटांतलं वर्तमानपत्र काढता काढता त्यांना कळलं की तो स्टार होता. वडिलांनी ऐकलं आणि रेडिओ चुकतोय म्हणाले.

२१–१७. विस्कॉन्सिनमधल्या एका ठरावीक वयाच्या पुढच्या प्रत्येक माणसाने मला सांगितलंय की तो त्या सामन्याला होता. ५०,८६१ चा आकडा मला त्यामुळे फार कमी वाटतो.

पुढचं पटकन सांगतो. १४ जानेवारी १९६८ ला मायामीत दुसरा सुपर बोल, म्हणजे दोन लीगांच्या विजेत्यांमधला सामना, ऑकलंड रेडर्सवर ३३–१४. उबदार हवा, एकतर्फी सामना, लोम्बार्डींना खांद्यावर उचललं. सलग तिसरं विजेतेपद. त्यानंतर सलग तीन कोणालाच जमलेलं नाही. तीन आठवड्यांच्या आत लोम्बार्डींनी कोचपद सोडलं. त्या सामन्यात फुलबॅक म्हणून बेन विल्सन खेळला, चांगला पळाला, आणि मग आपली हरवलेली कॉन्टॅक्ट लेन्स शोधत मैदानाच्या कडेला ओणवा झाला. मर्सीनला अख्ख्या सामन्यात एकदाच चेंडू मिळाला. शून्य यार्ड.

गेल्या जूनमध्ये बाबा आले होते. त्यांना आणि आजोबांना घेऊन मी स्टेडियम बघायला गेलो. बोगद्यातून मैदानाच्या कडेपर्यंत नेतात, गवतावर पाय ठेवू देत नाहीत. ऊन छान होतं. आजोबांनी काठीने दक्षिण टोक दाखवलं आणि पूर्ण कहाणी सांगितली. मी मधे मधे भाषांतर करत होतो. बाबांनी स्टार ऐकला, लोम्बार्डी ऐकले, शिट्टीचं ऐकून म्हणाले, "अरे बापरे, इतक्या थंडीत कायले खेळाले गेले ते?" पण ताडपत्रीपाशी आले आणि तिथेच अडकले.

"एका टायमाला सगळी काढली?"

"हो बाबा."

"तिथंच चुकलं. आदी एक कोपरा उघडून वाफ जाऊ द्याले पाह्यजे होती. हूड असं एकदम उघडते का कोनी?"

आजोबांनी विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. ते बराच वेळ गवताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तसं केलं असतं तर जमीन काचेसारखी झाली नसती. अँडरसन घसरला नसता. स्टारला स्वतः घुसायचं काही कारणच उरलं नसतं. चेंडू मर्सीनला मिळाला असता."

हे मी बाबांना सांगितलं.

"हा मर्सीन कोन?" बाबांनी विचारलं.

आजोबांना मराठी येत नाही, पण नाव कळलं. त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात वर केले.